आधी ओले फडके

प्रति,
माननीय आयुक्त,
मीरा-भाईंदर महानगरपालिका,
भाईंदर (पश्चिम)

विषय : डोळ्याला मार लागलेल्या कुत्र्यांवर वेळेत उपचार व शस्त्रक्रिया होण्याबाबत चौक गावातून एक उघड अर्ज

महोदय,

भाईंदर स्टेशनाबाहेरून ‘चौक’ अशी पाटी लावून निघालेली बस उत्तन ओलांडून जिथे थांबते आणि तोंड फिरवते, ते आमचे गाव. पुढे समुद्र, वर धारावी किल्ल्याची टेकडी, खाडीपल्याड वसई. घरात बोट आहे, दारात बोंबील वाळवायची वलांडी आहे. तीस वर्षे शाळेत शिकवल्यामुळे गावातले अर्धे अर्ज माझ्याच हातचे असतात : दिव्याचा खांब, नळाचे पाणी, जेट्टीवरचा गाळ. हा अर्ज एका कुत्र्याच्या डोळ्याबद्दल आहे. असले अर्ज हसण्यावारी जातात, हे मला ठाऊक आहे. म्हणून तो पाकिटात न घालता चारचौघांसमोर लिहिते आहे.

कुत्र्याचे नाव बोंबल्या. वलांडीवरचे बोंबील ओढायची खोड, आणि कोणी हाकलले की सगळा पाडा जागा होईल एवढा ओरडा, अशा दोन्ही गुणांनी मिळालेले नाव. तो कोणा एकाचा नाही. कानाला निर्बीजीकरणाची खूण आहे, म्हणजे सरकारी दप्तरी तो एकदा येऊन गेलेला आहे.

मागच्या हिवाळ्यात एका पहाटे बर्फाचा टेम्पो मागे घेताना त्याच्या डोक्याला धक्का बसला. आम्ही धावत गेलो तेव्हा तो उभा होता, पण त्याचा डावा डोळा खोबणीच्या बाहेर आला होता. मी बोटीवरच्या जखमा पुष्कळ पाहिल्या आहेत. दोरखंडाने सोललेले तळवे पाहिले, गळ रुतलेले बोट पाहिले. पण बाहेर आलेला डोळा पाहिल्यावर माणसाला काय करावे ते सुचत नाही. मग सुचेल ते जो तो करतो, आणि आम्ही तेच केले.

एकीने आतून हळद आणून दाबली. एकाने कोरडे फडके बांधले. डोळा अंगठ्याने आत ढकलावा, असे एकाचे म्हणणे पडले. नशिबाने त्याला कोणी हात लावू दिला नाही. दुकान उघडल्यावर एक मुलगा माणसांच्या डोळ्यांत घालायचे थेंब घेऊन आला. तेही घातले. रक्ताने माखलेले कुत्रे पाहून दोन रिक्षा निघून गेल्या. शेवटी ज्या टेम्पोने धक्का दिला होता, त्याच टेम्पोवाल्याने बर्फाच्या लाद्या उतरवल्या आणि आम्हाला मुंबईत एका रुग्णालयात नेले. सहाला अपघात झाला होता. टेबलावर कुत्रा चढला तेव्हा साडेअकरा वाजले होते.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी डोळा पाहिला, दुसऱ्या डोळ्यात टॉर्च मारून पाहिली, आणि म्हणाल्या, “मावशी, हा सुकलाय. आतले स्नायूही तुटलेत. काढावा लागेल.” त्यांनी तो काढला. चांगला काढला, जखम छान भरली. निघताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली, तीही रागावून नव्हे : “पुढच्या वेळी हळद नको. आधी ओले फडके.”

महोदय, या तीन शब्दांसाठीच हे पत्र आहे. त्या दिवसानंतर मी जिथे जमेल तिथे विचारत गेले. पशुवैद्यांना विचारले, त्यांच्याकडे शिकणाऱ्या मुलामुलींना विचारले, पुस्तके चाळली. समजले ते असे की कुत्र्याच्या डोळ्याचा निकाल बहुतेक वेळा शस्त्रक्रियेच्या टेबलावर लागत नाही, त्याआधीच्या तासांत लागतो. आणि ते तास पशुवैद्याच्या हातात नसतात. ते आमच्या हातात असतात, आणि काही प्रमाणात आपल्याही.

आधी डोळा बाहेर येतो कसा, ते सांगते. माणसाच्या डोळ्याभोवती हाडाचे पुरे कडे असते. कुत्र्याचे कडे पुरे नसते. बाहेरच्या बाजूला हाडाच्या जागी एक चिवट पट्टा असतो, त्यामुळे त्याची खोबणी त्या अंगाला उघडी असते. नाक बसक्या जातीचे असेल, म्हणजे पग किंवा शिह त्झू, तर खोबणी मुळातच उथळ. अशा कुत्र्याची मानगूट कोणी जोरात धरली, तरी डोळा बाहेर येऊ शकतो. लांब तोंडाच्या गावठी कुत्र्याला मात्र त्यासाठी मोठा आघात लागतो. म्हणून त्याचा डोळा बाहेर आला असेल तर आत मोडतोडही जास्त झालेली असते, आणि कित्येकदा डोक्याला, जबड्याला, छातीलाही मार असतो. शहाणा पशुवैद्य अशा वेळी आधी श्वास आणि नाडी पाहतो, जीव सावरतो आणि मगच डोळ्याकडे वळतो.

डोळा बाहेर आला की पापण्या त्याच्या मागे जाऊन आवळतात. पिशवीच्या तोंडाला नाडी ओढावी तसे होते. रक्त आत येत राहते पण परत जायला वाट उरत नाही, सूज वाढते, आणि मागची दृष्टीची नस ताणली जाते. पापणी मिटत नाही, म्हणून बुबुळावरचा पारदर्शक पडदा वाऱ्यावर सुकू लागतो. हा पडदा साधारण अर्ध्या मिलिमीटरहून थोडासाच जाड असतो. आमच्या गावात वाऱ्याने काय सुकते आणि किती वेळात सुकते, हे कोणाला शिकवावे लागत नाही. तरीही त्या पहाटे आमच्यापैकी एकालाही डोळा ओला ठेवायचे सुचले नाही.

डोळा शाबूत असेल तर शस्त्रक्रिया ऐकायला फार अवघड नाही. पूर्ण भूल देतात. डोळा स्वच्छ धुऊन ओला करतात. पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्याला छोटी चीर देऊन तोंड रुंद करतात. मग डोळा ढकलत नाहीत, तर पापण्या त्याच्यावरून पुढे ओढून घेतात आणि तो आपोआप मागे बसतो. त्यानंतर दोन्ही पापण्या तात्पुरत्या शिवून टाकतात. टाक्यांनी कातडी चिरू नये म्हणून टाक्यांखाली सलाइनच्या नळीचे बारीक तुकडे घालतात. पापण्यांचे हे दार दोन-तीन आठवडे बंद राहते. तेवढ्यात सूज उतरते आणि पडदा सावरतो.

आता खरे ते सांगते, कारण अर्जात गोड बोलून उपयोग नाही. डोळा जागेवर बसला म्हणजे दृष्टी आली, असे नाही. बहुतेक कुत्र्यांची त्या डोळ्याची दृष्टी जाते, डोळा मात्र राहतो. नाकाकडच्या बाजूचा स्नायू सहसा आधी तुटतो, म्हणून पुढे डोळा बाहेरच्या बाजूला तिरका दिसतो. अश्रू कमी होतात, मग जन्मभर थेंब घालावे लागतात. आणि डोळा फुटला असेल, नस तुटली असेल किंवा बरेच स्नायू तुटले असतील, तर तो काढणे हेच दयेचे काम असते. डोळा काढला म्हणून कुत्र्याचे आयुष्य संपत नाही. त्याचे जग नाकाने चालते. दुखणारा आंधळा डोळा तसाच ठेवणे हे मात्र रोजचे हाल आहेत.

माझ्या भाचीचा पग मीरा रोडला इमारतीत राहतो. बोंबल्याच्या आधी सहा महिने खाली दुसऱ्या कुत्र्याने त्याची मान धरली आणि त्याचाही डोळा बाहेर आला. भाचीने त्याच मिनिटाला आपल्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, “स्वच्छ सलाइनने डोळा भिजवत राहा, ओली पट्टी ठेवा, पंजा लागू देऊ नका, खायला देऊ नका आणि निघा.” तासाभरात पापण्या शिवलेल्या होत्या. आज त्या डोळ्याला उजेड कळतो, थोडे दिसतेही. पग आणि गावठी कुत्रा यांची ही तुलना सरळ नाही. उथळ खोबणीच्या पगला मार कमी लागला होता, आमच्या बोंबल्याला जास्त. कदाचित त्याचा डोळा काहीही केले तरी गेलाच असता. पण त्या साडेपाच तासांत आम्ही त्याला उरलीसुरली संधीसुद्धा ठेवली नाही. भाचीला फोन कोणाला लावायचा, हे माहीत होते. आम्हाला नव्हते. मला बोचते ते हे.

सगळ्या जखमा एवढ्या भयंकर दिसत नाहीत, आणि म्हणूनच त्या अंगावर काढल्या जातात. पापणी फाटते. लोकांना वाटते, कातडी आहे, भरून येईल. ती वेडीवाकडी भरली की केस डोळ्यात टोचत राहतात आणि वर्षभरात बुबुळ पांढरे होते. चांगला शल्यचिकित्सक पापणीची लोंबती कड कधी कापून टाकत नाही. दोन थरांत शिवतो आणि कड कडेला तंतोतंत जुळवतो. मांजराच्या नखाने बुबुळाला बारीक भोक पडते. वरून ते टाचणीएवढे दिसते, पण आत भिंगाचे आवरण फाटले असेल तर काही दिवसांत डोळा आतून पेटतो. असे भोक सूक्ष्मदर्शकाखाली केसाहूनही बारीक धाग्याने शिवतात, आणि गरज पडली तर भिंगही काढतात. खोल व्रण असेल तर डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ त्वचेची एक पट्टी सोडवून व्रणावर बसवतात. पट्टीबरोबर रक्तपुरवठा येतो आणि खड्डा भरतो. पडक्या भिंतीला बाजूच्या वेलाने धरून ठेवावे, तसा हा प्रकार.

आणि ते थेंब. माणसांच्या डोळ्यांसाठी मिळणाऱ्या कित्येक थेंबांत प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइड असते. बुबुळावर जखम असताना स्टेरॉइड घातले तर जखम भरत नाही, उलट खोल जाते आणि पडदा वितळल्यासारखा होऊन डोळा फुटू शकतो. घरातली वेदनाशामक गोळी देणेही घातक; आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात आणि मूत्रपिंडात बिघाड होतो. हे सगळे आम्हाला माहीत असते, तर आमच्या त्या मुलाचे पैसे आणि धाव वाचली असती. त्याने केले ते मायेने केले.

आपण विचाराल, यात महापालिकेचे काय? अपघात टेम्पोने झाला, हळद तुम्ही लावली.

विचारणे रास्त आहे. पण राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांची जी यादी आहे, तिच्यात कोंडवाडे आणि प्राण्यांना होणाऱ्या क्रौर्याला प्रतिबंध हा विषय स्पष्ट लिहिलेला आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे आणि त्यासाठीच्या स्थानिक देखरेख समितीचे प्रमुखपदही संस्थेच्या प्रमुखाकडे, म्हणजे आपल्याकडे, येते. मादीचे निर्बीजीकरण म्हणजे पोटाची शस्त्रक्रिया. ती जिथे होते तिथे टेबल असते, भूल असते, निर्जंतुक हत्यारे असतात, टाके घालणारा हात असतो, पिंजरे असतात आणि कुत्रे आणणारी गाडीसुद्धा असते. पापण्या तात्पुरत्या शिवायला किंवा निकामी डोळा काढायला याहून फार वेगळे काही लागत नाही. सूक्ष्मदर्शकाखालचे बारीक काम तिथे होणार नाही, मान्य. पण शंभर कुत्र्यांचे पोट उघडून शिवणाऱ्या डॉक्टरला डोळ्याचे हे दोन-तीन प्रकार शिकवणे म्हणजे नवे रुग्णालय बांधणे नव्हे.

मोठी रुग्णालये मुंबईत आहेत, आणि ती आपली शान आहेत. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून उभे राहिले. त्याच आवारात १८८६ साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अलीकडे, २०२४ मध्ये, महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय उघडले. पण चौकहून परळ म्हणजे दोन नगरपालिका आणि एक अख्खे उपनगर ओलांडणे. रिक्षा वांद्र्याच्या पुढे जात नाही. ओल्या फडक्याशिवाय एवढे अंतर कुठल्याही डोळ्याला झेपत नाही.

आमच्या गावाला अंतराचा धडा नवा नाही. आमच्या डोक्यावर धारावीचा किल्ला आहे. तो ज्याच्या हाती, त्याच्या हाती खाडीचे तोंड. वसईला समुद्रातून मिळणारी कुमक तोडायची तर ही टेकडी घेतली पाहिजे, हे चिमाजी अप्पांनी ओळखले होते. १७३९ मध्ये मराठ्यांनी आधी धारावी घेतली, मग मे महिन्यात वसई. किल्ल्याच्या टेकडीवर आज चिमाजी अप्पांचा पुतळा आहे, त्याच्याखालून रोज ये-जा करताना मला वाटते, वेढ्यात सापडलेला किल्ला काय आणि खोबणीबाहेर आलेला डोळा काय, दोघांचा जीव रसदीच्या वाटेवर अवलंबून असतो.

दुसरा प्रश्न आपण विचारला नाहीत तरी लोक विचारतील, आणि त्यांनी विचारावाच : माणसांना कुत्री चावतात, पोरे शाळेत जाताना घाबरतात, आणि तुम्ही कुत्र्यांच्या डोळ्यांचे काय घेऊन बसलात? मी स्वतः दोनदा चावून घेतले आहे. जखम साबणाने पंधरा मिनिटे धुतली आणि पूर्ण लस घेतली. ते कोणीही टाळू नये. पण जे कुत्रे दुखण्याने वेडेपिसे झाले आहे, ज्याला एका बाजूचे दिसत नाही, ते आधी चावते. जखमी डोळा बरा करणे हे चावे कमी करायचेच काम आहे. आणि डोळ्यासाठी टेबलावर आलेल्या कुत्र्याला रेबीजची लस देता येते, निर्बीजीकरण झाले नसेल तर त्याची तारीख ठरवता येते. एका खेपेत तीन कामे होतात.

कुत्र्यांवरून भांडण या प्रदेशाला काही नवे नाही. मुंबईत जून १८३२ मध्ये मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि फोर्टात दंगल झाली. जवळजवळ दोनशे वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी परत सोडण्याचा निर्देश दिला, पिसाळलेली आणि हल्लेखोर कुत्री वगळून. या वादात मी पडत नाही. मारावे की पाळावे यावर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनाही समोर डोळा लोंबणारे कुत्रे आले तर काय करायचे, ते माहीत नसते. मी तेवढेच मागते आहे.

मागण्या पाच आहेत. हातावर मोजता येतील एवढ्याच ठेवल्या आहेत.

पहिली, एकच फोन नंबर. जखमी जनावरासाठी, दिवसरात्र उचलला जाणारा. फोन उचलणाऱ्याने गाडी पाठवण्याआधी पलीकडच्या माणसाला एका मिनिटात सांगावे : कुत्र्याला चादरीत गुंडाळा, डोळा सलाइनने किंवा स्वच्छ पाण्याने ओला ठेवा, ढकलू नका, आत काही रुतले असेल तर उपटू नका, हळद, मलम आणि माणसांचे थेंब नकोत, खायला देऊ नका. हा नंबर चौक, उत्तन, डोंगरी, गोराईच्या वाटेवरच्या प्रत्येक बसथांब्यावर रंगवून ठेवावा.

दुसरी, कुत्री आणणाऱ्या प्रत्येक गाडीत डोळ्याची एक पेटी. सलाइनच्या बाटल्या, निर्जंतुक कापसाच्या पट्ट्या, औषध नसलेली साधी ओलावा देणारी जेल, तोंड बांधायची पट्टी आणि गळ्यात घालायचा प्लास्टिकचा कोन. बसक्या नाकाच्या कुत्र्याचे तोंड बांधू नये, त्याचा श्वास कोंडतो, एवढे त्या माणसांना शिकवलेले असावे.

तिसरी, निर्बीजीकरण करणाऱ्या डॉक्टरांना डोळ्याच्या तातडीच्या शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण. परळचे महाविद्यालय महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाखाली येते. सरकारी संस्थेने सरकारी संस्थेला एक पत्र लिहावे आणि वर्षातून एकदा आठवडाभर आपले डॉक्टर तिथे बसावेत. उलट जे आपल्याकडे जमणार नाही ते आपल्या डॉक्टरांनी कुठे आणि केव्हा पाठवायचे, तेही त्या पत्रात ठरावे.

चौथी मागणी सगळ्यांत अवघड आहे, म्हणून जरा थांबून लिहिते. शस्त्रक्रिया तासाभरात होते. देखभालीला तीन आठवडे लागतात. दिवसातून चार-पाच वेळा थेंब, गळ्यात कोन, धूळ नको, भांडण नको, मग टाके काढणे. निर्बीजीकरणाच्या कुत्र्याला काही दिवस ठेवून सोडता येते, डोळ्याच्या कुत्र्याला नाही. भटक्या कुत्र्याच्या पापण्या शिवून त्याला तिसऱ्या दिवशी रस्त्यावर सोडले, तर दुसरे कुत्रे टाके फाडते आणि पहिल्यापेक्षा वाईट होते. म्हणूनच काही पशुवैद्य भटक्या कुत्र्याचा वाचू शकणारा डोळाही काढतात. काढलेल्या डोळ्याला दहा-बारा दिवस पुरतात, वाचवलेल्याला महिनाभर घर लागते. त्यांचा हिशेब चुकीचा नाही. पण तो डोळ्याच्या जखमेने नव्हे, पिंजऱ्यांच्या संख्येने ठरतो, हे मला खटकते. निर्बीजीकरण केंद्रात डोळ्याच्या रुग्णांसाठी दोन-चार पिंजरे राखून ठेवावेत. आणि जिथे पिंजरे पुरणार नाहीत, तिथे गावात पडवी देणाऱ्यांची यादी करावी. चौकमधून पहिले नाव माझे. पडवी आहे, दावे आहे, दिवसातून पाच वेळा थेंब घालायला घरात पाच माणसे आहेत.

पाचवी, दर महिन्याला एक ओळ : किती जनावरे आली, किती डोळे वाचले, किती काढले, अपघातापासून टेबलापर्यंत किती वेळ गेला. शेवटचा आकडा आम्हाला बघायचा आहे. तो घटत गेला की बाकीचे आपोआप सुधारेल.

आणि आता आमच्या बाजूचे. मागण्या करताना आपले अंगण झाडून घ्यावे लागते.

महोदय, वलांडीखाली आमच्याकडे दगडांचा ढीग असतो. कुत्रे बोंबलाला झोंबले की दगड. बाई फेकते, पोर फेकते, मी फेकला आहे. बोंबील हेच आमच्या घराचे पैसे, त्यामुळे कुत्र्याला हाकलावे तर लागणारच. पण भिरकावलेला दगड पाठीवर बसेल की डोळ्यावर, हे फेकणाऱ्याच्या हातात राहत नाही. प्राण्यांवरील क्रौर्य प्रतिबंधक कायदा १९६० सालचा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपयांचा दंड आहे, म्हणजे आज एका वाट्याच्या मासळीएवढाही नाही. भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमात मात्र जनावराला मारून टाकण्याला किंवा कायमचे अधू करण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पाड्यात मी हे कलम वाचून दाखवले. दोघी हसल्या, एक गप्प बसली. तिच्या मुलाने गेल्या दिवाळीत कुत्र्याच्या तोंडाशी फटाका लावला होता.

कायद्यापेक्षा आमच्याकडे दुसऱ्या गोष्टीचा जास्त उपयोग झाला. आमच्या किनाऱ्यावर देवळे आणि चर्च शेजारी-शेजारी आहेत. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. संत रॉकच्या चित्रात एक कुत्रा तोंडात पाव घेऊन उभा असतो. आजारी पडून रानात एकट्या राहिलेल्या त्या संताला रोज पाव आणून देणारा. पाड्यातल्या मुलांना मी दोन्ही चित्रे दाखवली आणि विचारले, यांतल्या कोणत्या कुत्र्यावर दगड मारायचा? मुले मोठ्यांपेक्षा लवकर लाजतात. आता दगडांच्या ढिगाशेजारी पाण्याची पिचकारी ठेवली आहे. पाणी अंगावर उडाले की कुत्रे पळते, आणि डोळ्यात गेले तरी काही बिघडत नाही. टेम्पोवाल्यांनीही पहाटे मागे येण्याआधी हॉर्न देऊन एक चक्कर मारून बघायचे कबूल केले आहे. ज्याच्या टेम्पोने धक्का दिला, तो हे बाकीच्यांना सर्वांत मोठ्या आवाजात सांगतो.

२०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांच्या वर होती. आज ती किती झाली, ते आपल्याला जास्त ठाऊक. एवढ्या शहराच्या शेवटच्या बसथांब्यावरच्या एका कुत्र्याचे दुखणे आपल्या टेबलावर मोठे दिसणार नाही. पण मी मागते त्यात नवी इमारत नाही, नवे पद नाही. जे टेबल आहे, जी गाडी आहे, जे हात आहेत, त्यांना डोळ्याची ओळख करून द्यायची आहे, आणि आम्हाला पहिल्या तासाची.

बोंबल्या बरा आहे. डाव्या बाजूने कोणी आले की दचकतो, म्हणून आम्ही त्याला उजवीकडून हाक मारतो. बोंबील अजून चोरतो. आता मान वळवून, नेम धरून ओढतो, आणि पूर्वीपेक्षा कमी चुकतो.

माझ्या दाराच्या खिळ्याला एक पिशवी टांगली आहे. तिच्यात सलाइनच्या दोन बाटल्या, उकळून वाळवलेली चार फडकी, एक जुनी चादर. पिशवीवर पुठ्ठा लावून मोठ्या अक्षरांत लिहिले आहे : ‘आधी ओले फडके. मग फोन.’ खाली नंबरासाठी जागा सोडली आहे. तेवढी आपण भरून द्यावी.

आपली,
चौक कोळीवाड्यातील एक रहिवासी, निवृत्त शिक्षिका